बाबासाहेबांना न मिळालेली खोली

उपासक-उपासिकांनो,

तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागते. शिक्षकाची, ग्रामसेवकाची, बँकेतल्या कारकुनाची किंवा दवाखान्यातल्या परिचारिकेची नेमणूक एखाद्या तालुक्याच्या गावी होते. हुकूम हातात पडला की घरात आनंद होतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. पण त्याच रात्री आईच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. पोर राहील कुठे? मग वडील मुलाला घेऊन त्या गावी जातात. खोली भाड्याने देणे आहे, अशी पाटी दिसते. घरमालक ओसरीवर बसवतो, पाणीही देतो. आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो. गावावरूनही कळले नाही तर गावात घर कोणत्या बाजूला, कुलदैवत कोणते, असे विचारतो. शेवटी त्याला जे हवे ते कळते आणि ती खोली कालच दुसऱ्याला दिली होती, असे त्याला एकाएकी आठवते. पाटी मात्र दुसऱ्या दिवशीही तशीच लटकत असते.

हे ज्यांच्या वाट्याला आले असेल त्यांना आज आम्ही एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, त्यांची गोष्ट आम्हाला पाठ आहे. त्यांची तसबीर आमच्या भिंतीवर आहे. खरे आहे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण बहुधा सभांवरून, सत्याग्रहांवरून आणि संविधानावरून वाचतो. आज तेच चरित्र घराच्या उंबऱ्यावरून वाचू या. या महापुरुषाला राहायला जागा कोणी दिली, कोणी नाकारली आणि त्यातून त्यांनी काय घेतले, एवढेच पाहू या. नुकताच धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांना त्यात पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आले. साताऱ्यातच आई भीमाबाई गेली. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपालाच्या कामावर होते. 1901 सालच्या उन्हाळ्यात भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला निघाली. अंगावर नवे कपडे होते, मनात आगगाडीची हौस होती. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी आलेले नव्हते. पाठविलेले पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. मुले कोणत्या जातीची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर दूर झाला आणि गाडीवान गाडी देईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही अशा अटीवर की बैल मुलांनीच हाकावेत.

मध्यरात्रीच्या सुमारास गाडी टोलनाक्याशी आली. मुलांजवळ खायला होते, पण प्यायला पाणी नव्हते. गाडीवानाने सल्ला दिला की नाकेदाराला आपण मुसलमान आहोत असे सांगा. लहानग्या भीमाने तसे सांगून, मुसलमानी बोलीत पाणी मागून पाहिले. तरी पाणी मिळाले नाही. मुले तशीच तहानलेली, उपाशी झोपली.

वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. परक्याचे नाव सांगून गरज भागते का, याचा पहिला अनुभव बाबासाहेबांना दहाव्या वर्षाच्या आतबाहेर आला. नाव उसने घेतले आणि पाणी काही मिळाले नाही.

पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. एवढ्याशा खोलीत चूल, भांडी, सरपण आणि घरची सगळी माणसे. अभ्यासाला जागा नाही आणि शांतताही नाही. सुभेदारांनी त्यावर तोड काढली. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागायचे आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे. झोपलेल्या चाळीत एका दिव्याच्या उजेडात तो मुलगा वाचत बसे. 1907 साली तो मॅट्रिक झाला. त्यानिमित्त झालेल्या सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. एका खोलीच्या बिऱ्हाडात बुद्ध प्रथम आला तो असा, एका पुस्तकाच्या रूपाने. आमच्या भगिनींनी हे विसरू नये. जागा लहान आहे म्हणून मुलांचा अभ्यास होत नाही, असे म्हणण्याआधी त्या चाळीतला पहाटेचा दिवा आठवावा.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना कॉलेजसाठी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. 1913 साली त्यांनीच अमेरिकेला पाठविण्याची सोय केली. शिक्षण पुरे झाल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची, असा करार झाला. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात भीमराव प्रथम विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात उतरले, नंतर कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी तरुणाबरोबर राहिले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. परक्या देशात, परक्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली ती त्यांची जात न विचारता. तीन वर्षे ते माणसासारखे जगले. इतके, की आपण भारतात अस्पृश्य आहोत ही गोष्ट त्यांच्या मनातून जवळजवळ पुसली गेली होती.

1916 साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परत यावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान घेऊन निघालेले जहाज शत्रूने बुडवले आणि त्यांची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. ऑगस्ट 1917 मध्ये ते मुंबईला उतरले. सामानाच्या नुकसानीबद्दल 600 रुपये मिळाले. त्यातले काही त्यांनी रमाबाईंच्या हाती दिले आणि उरलेल्यातून बडोद्याचा प्रवासखर्च केला. इतर नोकऱ्या मिळण्यासारख्या होत्या. पण ज्याने शिकवले त्याची सेवा आधी करायची, हा त्यांचा विचार पक्का होता. दिलेला शब्द पाळायला ते निघाले.

आता बडोद्याच्या स्टेशनवर या. सप्टेंबर 1917 चा महिना. सव्वीस वर्षांचा तरुण गाडीतून उतरला आहे. एम. ए. झालेला आहे. त्याचा पीएच. डी. चा प्रबंध कोलंबिया विद्यापीठाने स्वीकारलेला आहे. ज्या शहरात तो आला आहे तिथला राजा त्याचा पाठीराखा आहे. राजाही साधा नव्हे. सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सबंध राज्यात 1906 साली सुरू करणारा, अस्पृश्यांसाठी शाळा काढणारा, देशातला पुढारलेला राजा. असे असूनही हा तरुण स्टेशनच्या छपराखाली उभा राहून विचार करतो आहे की आता जायचे कुठे.

हिंदूंच्या खाणावळी, ज्यांना तिकडे विशी म्हणत, शहरात होत्या. पण तिथे खरे सांगितले तर प्रवेश नाही, आणि खोटे सांगितले व उघडकीला आले तर धडगत नाही. अमेरिकेत शिकून आलेले बडोद्याचे ओळखीचे लोक होते. पण त्यांच्या दारात गेलो आणि ते संकोचले तर? सगळे उतारू निघून गेले. टांगेवाल्याकडे चौकशी केली तेव्हा कळले की कँपात पारशांची एक धर्मशाळा आहे आणि तिथे पैसे घेऊन उतरू देतात. भीमरावांच्या जिवात जीव आला. पारशांचा धर्म वेगळा, त्यात शिवाशीव नाही. न्यूयॉर्कचा जिवलग सोबती तर पारशीच होता.

धर्मशाळा दुमजली होती. तळमजल्यावर एक म्हातारा पारशी सहकुटुंब राहून देखभाल करी. त्याने पाहुण्याला वर नेले. कपडे बदलताना अंगात सदरा नाही आणि कमरेला कस्ती नाही हे म्हाताऱ्याने पाहिले आणि कोण म्हणून विचारले. हिंदू, असे उत्तर मिळताच त्याने नकार दिला, कारण ती जागा फक्त पारशांसाठी होती आणि उतरणाऱ्याचे नाव वहीत लिहावे लागे. भीमरावांपुढे पुन्हा तोच प्रश्न आला. तेव्हा वहीपुरते पारशी नाव लावण्याची तयारी त्यांनी दाखवली. म्हाताऱ्याकडे बरेच दिवस गिऱ्हाईक नसावे. जेवणखाणासह दीड रुपया रोज ठरला आणि वहीत एक पारशी नाव चढले.

मिळालेली जागा कशी होती? वर एक लहान झोपण्याची खोली, तिला लागून न्हाणी आणि बाकी सगळा एक मोठा दिवाणखाना, मोडक्या खुर्च्या, फळ्या, बाके असल्या अडगळीने भरलेला. विजेचे दिवे नाहीत. म्हातारा एक लहान कंदील आणून ठेवी. त्याचा उजेड हातभरही पोचत नसे. अंधारात वटवाघळे फडफडत. बोलायला माणूस नाही. सकाळी दहाला कचेरीत जायचे आणि शक्य तितका वेळ बाहेर काढून रात्री आठला परतायचे. मग कंदिलाशी पुस्तक धरून वाचत बसायचे. मुंबईहून राहिलेले सामान घेऊन भाचा आला. मामाची ती दशा पाहून तो पोरगा इतका रडू लागला की त्याला लगेच परत पाठवावे लागले.

कचेरीत तरी मान होता काय? महालेखापालांच्या कचेरीत त्यांची उमेदवार म्हणून नेमणूक झाली होती. तिथले शिपाई त्यांच्या हाती कागद न देता टेबलावर लांबून टाकीत. पिण्याचे पाणी त्यांना मिळत नसे. साहेबाच्या शिक्षणापुढे शिपायाची जात मोठी ठरत होती.

हे सोंग फार दिवस चालणार नाही हे भीमराव ओळखून होते. म्हणून त्यांनी सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे अर्ज केला होता. अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघण्याच्या तयारीत होते. ग्रंथालयाची पुस्तके हातात घेतली होती. तोच जिन्यावर पुष्कळ पावले वाजली. हातात काठ्या घेतलेले दहाबारा धिप्पाड पारशी खोलीपुढे रांगेने उभे राहिले. त्यांनी प्रश्नांचा आणि शिव्यांचा भडिमार केला. धर्मशाळा बाटवली, हा आरोप. भीमराव गप्प उभे राहिले. उत्तर देण्यासारखे त्यांच्यापाशी काय होते? पारशी नाव घेतले होते हे तर खरेच होते. आठवडाभराची मुदत मागितली. ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडली नाही तर परिणामाला तयार राहा, अशी धमकी देऊन ते लोक निघून गेले.

भीमराव मित्रांकडे गेले. एक हिंदू मित्र होता, सज्जन, जिव्हाळ्याचा. त्याला ऐकून दुःख झाले, रागही आला. पण तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे गडीमाणूस निघून जातील, एवढे तो बोलून गेला. भीमरावांनी पुढे शब्द काढला नाही. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. त्याने सांगितले की बायको उद्या येणार आहे, तिला विचारले पाहिजे. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते. नवऱ्याचे विचार धर्माबरोबर बदलले होते, बायकोचा सोवळेपणा मात्र तसाच राहिला होता. दुपारचे चार वाजले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. धर्मशाळेत परत जायचे धैर्य नाही, कोणाच्या दारात जाऊन कीव करून घ्यायची इच्छा नाही. तेव्हा ते कामाठी बागेत जाऊन बसले. तिथे त्यांना आईवडिलांची आठवण झाली. रात्री आठला उठून त्यांनी धर्मशाळेतून सामान काढले, म्हाताऱ्याचे बिल चुकते केले. दोघेही एकमेकांशी एक अक्षर बोलू शकले नाहीत. आणि नऊच्या गाडीने, मोठ्या आशेने आलेला तो तरुण अकरा दिवसांत माघारी निघाला.

पुढे केळुसकर गुरुजींनी खटपट केली. बडोद्याच्या एका प्राध्यापकांनी भीमरावांना पैसे घेऊन घरी ठेवण्याचे कबूल केले. भीमराव पुन्हा बडोद्याला गेले. स्टेशनवर उतरतात तो प्राध्यापकांचा माणूस चिठ्ठी घेऊन उभा. घरच्या बाईंची संमती नाही, असा मजकूर. ते पुन्हा परतले. बडोद्याच्या नोकरीचा प्रश्न तिथेच संपला.

ही सगळी हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली. त्यांच्या पश्चात, 1990 साली, ती वेटिंग फॉर अ व्हिसा या नावाने पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली. अठरा वर्षांनी लिहितानाही त्यांचे डोळे भरून येत होते. ज्या बागेत ते बसले तिला आज सयाजी बाग म्हणतात. तिथल्या जागेला लोक संकल्पभूमी म्हणून ओळखतात आणि दरवर्षी 23 सप्टेंबरला तिथे जमतात.

वाचकहो, इथे थोडे थांबून विचार करा. बडोद्यात बाबासाहेबांना कोणी कोणी नाकारले? हिंदू खाणावळीत ते गेलेच नाहीत. प्रत्यक्ष नकार दिला तो पारशांनी, ज्यांच्या धर्मात जात नाही, आणि आडून नकार दिला तो ख्रिस्ती कुटुंबाने, ज्यांच्याही धर्मात जात नाही. हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य, हा धडा त्यांना बडोद्याने शिकवला. त्याचा अर्थ काय? जात ही केवळ ग्रंथात राहत नाही, ती शेजाऱ्यापासून शेजाऱ्याकडे पसरते. धर्माचे नाव बदलले तरी मनातला उंबरा बदलला नसेल तर घराचे दार बंदच राहते.

पण म्हणून बाबासाहेबांनी पारशी समाजाविषयी आकस धरला काय? नाही. 1920 साली शिक्षण पुरे करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा त्यांना 5000 रुपये उसने देणारा मित्र नवल भथेनाच होता. काठ्या घेऊन आलेले पारशीच होते आणि मित्राच्या पाठीशी उभा राहिलेलाही पारशीच होता. माणूस त्याच्या समाजावरून न जोखता कृतीवरून जोखावा, हे त्यांनी आचरणाने दाखवले.

लंडनच्या त्या मुक्कामात भाड्याच्या खोलीतले जेवण अपुरे असे. रात्री भूक लागली की ओळखीच्याने दिलेले पापड भाजून ते खात आणि पुन्हा वाचायला बसत. 1921-22 मध्ये ते जिथे राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतले. मुंबईत त्यांचा संसार परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या वस्तीत, दोन खोल्यांत होता. मूकनायक निघाले ते 1920 साली, महाडचा सत्याग्रह झाला तो 1927 साली, गोलमेज परिषदेला ते गेले ते 1930 साली. हे सर्व चालू असताना त्यांचे घर ही चाळ होती.

आता पाहा, ज्याला खोली मिळाली नाही त्याने पुढे काय केले. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने पहिल्या कामांत हाती घेतले ते विद्यार्थ्यांचे वसतिगृह, 1925 साली सोलापुरात. खेड्यातून शाळेसाठी येणाऱ्या आपल्या मुलाला शहरात कोणी जागा देणार नाही, हे ज्याने भोगले होते त्याला सांगावे लागले नाही. शाळा उघडी असून उपयोग नाही, तिच्याजवळ पाठ टेकायला जागा पाहिजे. आज आपल्यातले कितीतरी वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा वसतिगृहांतून वर आले. त्यांच्या पायाखाली बडोद्याचा तो जिना आहे.

1930 नंतर बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधले, मुख्यतः ग्रंथांसाठी. त्याचे नाव ठेवले राजगृह. हे नाव का? राजगृह ही मगधाची जुनी राजधानी, बिंबिसाराचे नगर. तिथेच वेळुवन भगवान बुद्धांना दान मिळाले. विनयपिटकात एक हकीकत आहे. आरंभी भिक्खूंना राहायला जागा नव्हती. ते झाडाखाली, गुहेत, गवताच्या गंजीत रात्र काढीत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने ते पाहिले आणि भगवंतांची अनुज्ञा मिळताच त्यांच्यासाठी साठ निवास बांधले. ते कोणाला द्यायचे, हे विचारल्यावर भगवंतांनी सांगितले की चारी दिशांच्या संघाला, आज आलेल्यांना आणि पुढे येणाऱ्यांना. त्या संघात उपाली न्हावी होता आणि सुनीत झाडूवालाही होता. निवासाच्या दारात नाव विचारणारी वही नव्हती.

एका बाजूला बडोद्याच्या धर्मशाळेची ती वही ठेवा, दुसऱ्या बाजूला राजगृहाचे ते साठ निवास ठेवा. मग बाबासाहेब बुद्धाकडे का गेले, याचा निम्मा उलगडा तुम्हाला होईल.

13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ती पुरी केली. मधल्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री होते. दिल्लीत सरकारी बंगले मिळाले. 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बंगला सोडावा लागला आणि ते सिरोहीच्या राजांच्या, अलीपूर रोडवरील 26 क्रमांकाच्या घरात राहायला गेले. दिल्लीत त्यांचे स्वतःच्या मालकीचे घर नव्हते. त्या घरात त्यांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ पुरा केला आणि तिथेच 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. 2018 साली तिथे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. घरमालक आडनाव विचारतो तेव्हा काय सांगायचे? कित्येक जण आडनाव बदलतात, कित्येक जण भिंतीवरची तसबीर आतल्या खोलीत ठेवतात, देव्हाऱ्यात दुसऱ्याच मूर्ती मांडतात. आम्ही त्यांना हसणार नाही. लेकराबाळांना पावसात उभे करून शौर्य दाखवा, असे सांगणे सोपे असते. बाबासाहेबांनीही निरुपायाने अकरा दिवस दुसरे नाव लावले होते. पण त्यांच्या आयुष्याने त्याचा हिशेबही मांडून ठेवला आहे. नवव्या-दहाव्या वर्षी मुसलमान म्हणवले, पाणी मिळाले नाही. सव्विसाव्या वर्षी पारशी म्हणवले, छप्पर अकरा दिवस टिकले आणि प्रत्येक रात्र भीतीत गेली. पासष्टाव्या वर्षी लाखोंच्या समोर बौद्ध म्हणवले आणि ते नाव आज तुमच्या मुलांनाही पुरले. पहिली दोन नावे उसनी होती. तिसरे नाव त्यांनी विचारपूर्वक स्वीकारलेले, स्वतःचे होते. पंचशीलात खोटे न बोलण्याचे शील आहे. ते आपल्याला बांधण्यासाठी नसून निर्भय करण्यासाठी आहे. ज्याला लपवायचे काही नाही त्याला जिन्यावरच्या पावलांची भीती नसते.

दुसरी गोष्ट कायद्याची. 1917 साली भीमरावांपाशी कायदा नव्हता, तुमच्यापाशी आहे आणि तो घडवण्यात त्यांचाच हात आहे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 सालच्या अस्पृश्यता अपराध कायद्याला 1976 पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेल आणि धर्मशाळा तर आहेतच, पण कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे, याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर तोही गुन्हा आहे. घरमालक कारण तोंडाने क्वचितच बोलतो, म्हणून पुरावा मिळणे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. तरी नकार मिळाला तर तारीख, वेळ, झालेले बोलणे लिहून ठेवा. बरोबर एक साक्षीदार न्या. एकट्या नवख्या मुलाला खोली शोधायला पाठवू नका. त्या गावातल्या उपासकांना आधी पत्र लिहा, फोन करा. बडोद्यात बाबासाहेबांच्या ओळखीचा आपला एकही माणूस नव्हता. आज बहुतेक तालुक्याच्या गावी आपली वस्ती आहे. तिथल्या विहाराशेजारी नव्याने आलेल्यांसाठी एखादी खोली राखून ठेवली तर ते आजच्या काळातले निवासदानच होईल.

आणि तिसरी गोष्ट, जी सांगताना आम्हाला जड जाते. आपल्यातल्या पुष्कळांनी आता घरे बांधली आहेत. वरचा मजला भाड्याने देण्याइतकी ऐपत आली आहे. तुमच्या दारात उद्या एक मातंग शिक्षक येईल, एक मेहतर समाजातला कारकून येईल, एखाद्या भटक्या जमातीतली परिचारिका येईल. तेव्हा तुम्ही आडनाव विचाराल काय? विचारून मग खोली कालच दिली होती, असे सांगाल काय? तसे झाले तर त्या ख्रिस्ती मित्राच्या घरात आणि आपल्या घरात फरक राहणार नाही. त्यांनीही धर्म बदलला होता. उंबरा तेवढा बदलायचा राहिला होता.

तेव्हा या वर्षावासात प्रत्येक कुटुंबाने एक करावे. ज्यांना खोली शोधायची आहे त्यांनी आपले खरे नाव सांगून शोधावी. ज्यांच्यापाशी खोली आहे त्यांनी नाव न विचारता द्यावी. भाडे ठरवा, नियम ठरवा, माणसाचे वागणे पाहा, पण जात विचारू नका. कामाठी बागेत एकटा बसलेला तो तरुण रात्री आठला उठला तेव्हा बडोद्यात त्याला उघडे असलेले एकही घर नव्हते. तुमचे घर ते घर असू द्या.

जयभीम.